हौदा, कमानपाटे आणि एक गैरसमज

गणपतीच्या दिवसांत मंडळाचं सामान ज्या जुन्या पांढऱ्या पिकअपमधून हॉलवर येतं, ती माझी. तिच्याविषयी दरवर्षी मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "ही अजून चालते?" आणि दुसरा, "मध्यंतरी ही फार उंच झाली होती, ती पुन्हा खाली कशी आली?" पहिल्याचं उत्तर गाडीच देते. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझी एक घोडचूक आहे, जी मी आजवर फक्त सौ.ला सांगितली होती. तिला सांगावीच लागली, कारण ती शेजारच्या सीटवर होती. संपादकांनी "त्या गाडीवर काहीतरी लिहा" असा लकडा लावला, म्हणून आता सगळंच सांगून टाकतो. ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे, किंवा एखादी घेऊन तिच्यावर हात साफ करायचा मोह होतो आहे, त्यांनी माझ्या खर्चाने शहाणं व्हावं.

आता आम्ही राहतो कुठे, तर अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमध्ये. हा भाग म्हणजे १७ व्या शतकात उपसून कोरडं केलेलं तळं, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यावर रेतीची भर घालून उभ्या केलेल्या इमारती. आमचं तळघर समुद्रसपाटीच्या खाली आहे. या देशाच्या युरोपातल्या भूमीवरचा सर्वात उंच डोंगर म्हणजे दक्षिणेकडचा फाल्सरबर्ग, उंची ३२२ मीटर. आपली कळसूबाई १६४६ मीटर. अशा ठिकाणी चारही चाकं ओढणारी गाडी कशाला, हा प्रश्न रास्त आहे आणि तो आमच्या घरात अनेकदा, चढत्या आवाजात विचारला गेला आहे.

खरं कारण लहानपणात आहे. वडील पाटबंधारे खात्यात. धरणाच्या कामावर साहेबांना न्यायला महिंद्राची जीप यायची. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढची कितीतरी वर्षं महाराष्ट्रात 'सरकारी काम' म्हणजे जीप असंच समीकरण होतं. आमच्या ड्रायव्हरकाकांना त्या जीपचा प्रत्येक नट तोंडपाठ. कमानीत एक जास्तीचा पाटा घालणं, पावसाळ्यात चाकांतली हवा कमी करणं, गाडी रुतली की सायलेन्सरचं तोंड पाण्याबाहेर ठेवून शांतपणे विडी ओढणं, हे सगळं मी टपावर बसून पाहिलं. पुढे मी यंत्रांच्या कंपनांवर डॉक्टरेट केली आणि पोटासाठी सॉफ्टवेअर लिहू लागलो, पण हाताला ग्रीस लागण्याची हौस काही फिटली नाही.

२०१६ साली एका बागकाम कंत्राटदाराकडून १९९६ ची टोयोटा हायलक्स घेतली. चार दारांची, २.४ लिटरचं बिनटर्बोचं डिझेल इंजिन. घाईत असलेल्या माणसाने हिच्या वाटेला जाऊ नये. याच पिढीची हायलक्स १९८९ ते १९९७ या काळात जर्मनीत फोक्सवॅगनने 'टारो' या नावाने विकली. या गाडीची मुख्य गंमत तिच्या खालच्या अंगात आहे. पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल, आणि दोन्हीकडे कमानपाटे. म्हणजे बैलगाडीची सख्खी मावसबहीण. जे काही आहे ते डोळ्यांना दिसतं, पान्याने सुटतं. निदान मला तसं वाटत होतं.

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई आहे. पण इथे काही गॅरेजं लिफ्ट तासाच्या भाड्याने देतात. आपले पाने आणायचे, आपलं काम करायचं, सांडलेलं ऑइल पुसून जायचं. तिथे पहिल्यांदा गाडी वर घेतली आणि पहिला धडा मिळाला तो गंजाचा. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते चेसिसच्या पोकळीत जाऊन बसतं. वरून रंग छान, आतून पापड. हातोडीने चेसिस ठोकत जायचं. ठणठणीत आवाज आला तर देवाला नमस्कार, बद्द आवाज आला तर तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघायचा. माझ्या गाडीत मागच्या कमानीच्या टेकणापाशी तो चक्क आत गेला. ते भोक कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला. जाणकाराकडून, मी नाही. चेसिसवरचं वेल्डिंग यू-ट्यूब बघून शिकायचं काम नव्हे. जुन्या गाडीत 'सुधारणा' करण्याआधी ती मुळात कंपनीतून निघाली तेवढी तरी धड आहे का, हे बघण्यात माझं पहिलं वर्ष आणि निम्मं बजेट गेलं. त्याबद्दल मला अजिबात पश्चात्ताप नाही.

मग टायर. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो आधी दूर करतो. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत सर्वात खाली लोंबणारी वस्तू म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा. तुम्ही कमानी बदलून गाडी हातभर उंच केलीत तरी हा गोळा जागचा हलत नाही, कारण तो चाकांबरोबर खालीच राहतो. तो दगडावर आपटू नये असं वाटत असेल तर एकच उपाय, मोठं चाक. आणि तिथेही व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मीच उंची मिळते. माझे मूळ टायर साधारण ७३५ मिलिमीटर व्यासाचे. मोह होता २३५/८५ आर १६ या मापाचा, व्यास सुमारे ८०६. म्हणजे गोळा ३५ मिलिमीटर वर. पण चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, आणि स्पीडोमीटरला ते कळत नाही. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८८ ने पळत असते, आणि कॅमेऱ्यापुढे ही सबब चालत नाही. शिवाय माझं आधीच दमेकरी असलेलं इंजिन प्रत्येक गिअरमध्ये दहा टक्के जास्त ओढणार. म्हणून २१५/८५ वर थांबलो. व्यास ७७२, उंची १८ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर गोळा घासणं थांबलं.

त्याहून स्वस्त, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे हवेचा मीटर आणि बारा व्होल्टचा पंप. हिशेब सोपा आहे. एका चाकावर साधारण ४०० किलो भार. टायरमध्ये २.४ बार हवा असेल तर जमिनीला टेकणारा तुकडा ढोबळमानाने १६७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या टपाल खात्याच्या पोस्टकार्डाहून थोडा मोठा. हवा निम्मी केली की तुकडा दुप्पट. आणि तो रुंदीत फारसा वाढत नाही, लांबीत वाढतो, त्यामुळे टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा वाळूवर पसरतो. आइसलँडची मंडळी बर्फावर याहून कितीतरी कमी हवेवर चालतात. आमचे ड्रायव्हरकाका हे कुठलाही हिशेब न मांडता करत होते. अट एकच: कमी हवेवर वेग कमी ठेवायचा, आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरायची. नाहीतर टायरची बाजू सारखी दुमडून तापते आणि फाटते.

हवा आणि टायर एवढ्यावर आम्ही ब्राबांट आणि ड्रेन्थमधले उघडे राहिलेले वाळूचे रस्ते हिंडलो. इथल्या जंगलांत मोटार घालायला सरसकट बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. चिखलात लोळायचंच असेल तर पैसे भरून जायची खाजगी मैदानं आहेत. तिथे आमचे चिरंजीव खूश, सौ. सहनशील. इथेच थांबलो असतो तर हा लेख दोन पानांत संपला असता.

पण माणसाला उंचीचं वेड असतं. मैदानात माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्या खांद्याएवढ्या उंच, आणि माझी आपली भाजीवाल्याच्या टेम्पोसारखी. २०१९ च्या वसंतात मी पाच सेंटिमीटर उंची वाढवणाऱ्या, अधिक जाड पाट्यांच्या चार कमानी आणल्या. जुन्या कमानी तेल लावून, गोणपाटात गुंडाळून तळघरातल्या खोलीत लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवल्या. त्या वेळी यावरून झालेल्या संवादाचा तपशील देत नाही.

काम मात्र मी विद्यापीठात शिकल्यासारखं केलं. यू-बोल्ट नवे घातले, कारण ते आवळताना ताणले जातात आणि जुने पुन्हा वापरू नयेत. गाडी उंच झाली की प्रॉपेलर शाफ्ट तिरपा होतो. त्याच्या टोकांना जे क्रॉस असतात त्यांचा स्वभाव विचित्र आहे: एका बाजूने अगदी एकसारखा वेग दिला तरी दुसऱ्या बाजूला तो प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. दहा अंशांचा तिरपेपणा असेल तर सुमारे दीड टक्का इकडे, दीड टक्का तिकडे. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एकाची चूक दुसरा फेडतो. नसतील तर ठराविक वेगाला बुडाखाली भुणभुण सुरू होते. हा तर माझ्या प्रबंधाचाच चुलत विषय! कमान आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पातळ पाचर बसवून कोन जुळवले आणि भुणभुण गेली. मग चेसिस घोड्यांवर टेकवून चाकं पूर्ण लोंबती सोडली आणि ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जात नाहीत ना ते बघितलं. पुढची एक ताणत होती, तिथे लांब नळी घातली. पुढच्या चाकांचा कोन मोजून घेतला, कारण तो बदलला की वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही आणि गाडी हमरस्त्यावर दारुड्यासारखी चालते. नंतर वार्षिक तपासणी झाली. ब्रेक रोलरवर तपासले गेले. पास. मी स्वतःवर इतका खूश होतो की गाडीच्या खाली काढलेले फोटो लोकांना जेवताना दाखवत असे.

सप्टेंबर आला. विसर्जन झालं आणि नंतरच्या शनिवारी आम्ही सामान परत ठेवायला निघालो. हौद्यात मखराच्या फळ्या, पातेली, ताटं, दोन स्पीकर, उरलेल्या तांदळाची पोती, सगळं मिळून ४०० किलोच्या आसपास. पाऊस भुरभुरत होता. वेग ताशी चाळीसच्या आत. पुढे सायकलींच्या रस्त्याला छेद होता, तिथे त्यांना प्राधान्य. एक तरुण बाई आली, सायकलीच्या पुढच्या खुर्चीत मूल. मी ब्रेक दाबला, वेळेत दाबला. पुढची चाकं जागीच आवळली गेली आणि गाडी सरळ घसरत निघाली. या वयाच्या माझ्या गाडीला एबीएस नाही. आवळलेलं चाक वळत नाही, त्यामुळे स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नव्हता. त्या दीड-दोन सेकंदांत मी ब्रेक सोडून पुन्हा दाबला, की गाडीच थांबली, मला आजही सांगता येत नाही. पांढऱ्या रेषेच्या पुढे जाऊन आम्ही थांबलो. तिचं पुढचं चाक आणि माझा बंपर यांत हातभर अंतर होतं. मूल टोपीखालून माझ्याकडे बघत होतं. ती एक शब्द बोलली आणि गेली. तो शब्द पुरवणीत छापता येणार नाही, पण त्यातल्या एकाही अक्षराबद्दल माझी तक्रार नाही.

सौ. घरी पोचेपर्यंत गप्प होती. माझ्या अनुभवात हे ओरडण्यापेक्षा वाईट.

उतरल्यावर आधी चाकांजवळ हात नेला. पुढचे ब्रेक धगधगीत, मागचे ड्रम जेमतेम कोमट. म्हणजे सगळं काम पुढचीच चाकं करत होती, तेही मागे एवढं ओझं असताना. ब्रेकचं तेल, लायनिंग, नळ्या, सगळं तपासलं, सगळं उत्तम. दुसऱ्या दिवशी गाडीखाली चिरंजीव बॅटरी धरून आडवे झाले होते. ते म्हणाले, "बाबा, ही सळई कशाची? ही खालीच लोंबतेय." वय वर्षं अकरा.

ती सळई म्हणजे या लेखाचं मूळ. ओझी वाहणाऱ्या गाडीपुढे एक अडचण असते. हौदा रिकामा असताना मागची चाकं हलकी असतात. त्यांना जोरात ब्रेक लावला तर ती आवळली जाऊन गाडी गरकन फिरते. हौदा भरलेला असेल तर तीच चाकं भरपूर ब्रेक झेलू शकतात, आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे. म्हणून मागच्या ब्रेकच्या तेलाच्या वाटेवर एक वाल्व असतो. तो चेसिसला बसवलेला असतो आणि एका सळईने मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. माल भरला की कमानी दबतात, चेसिस अ‍ॅक्सलच्या जवळ येते, सळई वर ढकलली जाते आणि वाल्व मागच्या ब्रेकला जास्त दाब देऊ लागतो. कसलीही वीज नाही, संगणक नाही. फार सुंदर रचना आहे.

पण नीट बघा, हा वाल्व वजन मोजत नाही. अंतर मोजतो आणि त्यावरून वजन ठरवतो. मूळ कमानी होत्या तोवर हे अनुमान बरोबर होतं. मी नंतर मोजून पाहिलं: मूळ कमानींवर ४०० किलो ठेवले की गाडी ४ सेंटिमीटर दबायची. मी तिला ५ सेंटिमीटर उचलून ठेवलं होतं. नव्या कमानी जुन्यांइतक्याच दबल्या असत्या, तरी भरलेली गाडी जुन्या रिकाम्या गाडीपेक्षा एक सेंटिमीटर उंचच राहिली असती. वाल्वच्या लेखी हौदा रिकामाच, किंबहुना रिकाम्याहून रिकामा. मग त्याने मागचा ब्रेक हात राखून दिला, त्याला सांगितलेलं काम चोख केलं. आणि तपासणीत हे का दिसलं नाही? गाडी तिथे रिकामी गेली होती. रिकाम्या गाडीला वाल्वने 'रिकामी' म्हणणं बरोबरच होतं.

माझ्या धंद्यात अशी चूक ओळखीची आहे. कोणीतरी एका आकड्याला 'वजन' असं नाव देऊन ठेवतो, प्रत्यक्षात त्यात उंची असते, आणि पंधरा वर्षांनी दुसराच कोणी येऊन उंची बदलतो. असल्या चुकांवर मी ऑफिसात तरुण मुलांना व्याख्यानं देतो.

उपाय वाटतो तितका सरळ नाही. सळईचं टेकण पाच सेंटिमीटरने सरकवणारी पट्टी मिळते, ती मी लगेच लावली. रिकाम्या गाडीचा हिशेब जुळला. पण माझ्या नव्या कमानी जाड पाट्यांच्या. पाट्याची जाडी थोडी वाढली तरी ताठपणा घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी सव्वापट तर ताठपणा जवळजवळ दुप्पट. त्याच ४०० किलोंना त्या अडीच सेंटिमीटरच दबत होत्या, म्हणजे वाल्वला वाटायचं २५० किलो. पट्टीने सुरुवातीचा आकडा सुधारला, पुढची पट मात्र चुकीचीच राहिली. ब्रेकच्या नळीला दाबाचा मीटर लावून वाल्व पुन्हा बसवता येतो, अवजड वाहनांचं काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये विचारलं तर तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला ही गाडी उंच कशाला हवी आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. लोणच्याच्या बरण्यांशेजारच्या कमानी वर आल्या. नव्या कमानी विकताना घेणाऱ्याला मी ही सळईची गोष्ट आधी सांगितली आणि मगच पैसे घेतले.

तेव्हापासून गाडीत ज्या गोष्टी केल्या त्या सगळ्या अशा, की ज्यांची चाहूल इतर कुठल्या भागाला लागत नाही. अ‍ॅक्सलच्या श्वासनळीला लांब रबरी नळी जोडून तिचं तोंड वर इंजिनापाशी नेलं. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ऑइलचं ताक होतं. खर्च दोन कॉफींचा. पुढे आणि मागे चेसिसला थेट बोल्ट केलेले ओढायचे हुक घातले. मागच्या ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा अडकवून रुतलेली गाडी हिसक्याने कधीही ओढू नका. तो गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा येतो आणि माणसं मरतात. ही अतिशयोक्ती नाही. हवा वरून घेणारं धुराडं मात्र लावलं नाही. इंजिनाने पाणी गिळलं तर कनेक्टिंग रॉड वाकतात हे खरं, पण मी या गाडीने गुडघ्याच्या वर पाण्यात कधी जाणार?

नियमांचं थोडक्यात. इथे चेसिस, इंजिन वगैरे बदलायचं असेल तर ते आरडीडब्ल्यूकडून तपासून नोंदवून घ्यावं लागतं, आणि चाकं अंगाबाहेर डोकावलेली चालत नाहीत. सामान घेण्याआधी विचारावं, आणि विमा कंपनीला कळवावं. जुनं डिझेल असल्याने ए१० वळणरस्त्याच्या आत मला मज्जाव आहे. झुइडओस्ट बाहेर पडतं म्हणून निभावतं. निवृत्तीनंतर गावी जाऊन जीप सजवायचं स्वप्न बघणाऱ्यांसाठी: भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असा निकाल दिला. म्हणजे मी तिकडे असतो तर त्या कमानी घेण्याआधीच अडलो असतो. ड्रायव्हरकाकांचा तो जास्तीचा पाटा कोणत्या कलमात बसला असता कोण जाणे. पण त्यांच्या जीपला हा वाल्व नव्हता; ओझं किती आहे आणि ब्रेक किती दाबायचा, हे पाय ठरवायचा.

गाडी मागायला मंडळी संकोच करतात, तो करू नये. डॅशबोर्डवर चिरंजीवांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे: हौद्यात ५०० किलोच्या वर नको, भरलेल्या गाडीला मागे ३ बार हवा, आणि निघण्याआधी सळई बघा. यंदा सतरंज्या आणि मखर कधी हलवायचं ते मला आदल्या रात्री कळवा. चारही चाकांत हवा भरायला तो पंप वीस मिनिटं घेतो, आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना त्याचा आवाज सकाळी आठच्या आत चालत नाही.